स्वारगेटवरून कपाट निघते तेव्हा

दक्षिणेकडून पुण्यात येणाऱ्या माणसाची शहराशी पहिली ओळख होते ती स्वारगेटला. सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर, बारामती, महाड, बेळगाव अशा पाट्यांच्या एस.टी. गाड्या येथे लागतात. घोडेस्वारांची चौकी होती म्हणून स्वारगेट, असे नावाबद्दल सांगतात. आज वरून उड्डाणपूल जातो, सप्टेंबर २०२४ पासून खालून भुयारी मेट्रो धावते, आणि मधल्या देशभक्त केशवराव जेधे चौकात रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे स्वारगेट पाहिले आहे त्यांना एस.टी.चा टप आठवत असेल. मागच्या लोखंडी शिडीवरून हमाल सरसर वर चढायचा, खालचा दुसरा त्याच्या हातात सामान द्यायचा. ट्रंका, वळकट्या, सायकली, शिलाई मशीन आणि लग्नसराईत सुटा करून सुतळीने बांधलेला पलंगसुद्धा त्या टपावरून गावी जात असे. मुलीच्या सासरी पलंग पोचवायला वेगळी गाडी करण्याची ऐपत किती घरांत होती? आताच्या गाड्यांना तशी टपाची सोय राहिली नाही. मागच्या डिकीत खोकी जातात, लहान गठ्ठे जातात. पण कपाट, पलंग, दिवाण, टेबल अशी अवजड वस्तू घेऊन कोणी स्थानकात आले, तर त्याला रिक्षावालासुद्धा उभा करत नाही.

हा प्रश्न अलीकडे फार जवळून पाहण्यात आला, म्हणून वाचकांपुढे मांडतो आहे. आपल्या वस्त्यांमधून सुतारकाम शिकलेली मुले आता पुष्कळ आहेत. गावगाड्याने एके काळी कोणी कोणते काम करायचे हे जन्मावरून ठरवून दिले होते. सुताराचा किंकरा आपल्या माणसाच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. आज आय.टी.आय.मधून मुलगा बाहेर पडतो, दोन-तीन वर्षे कोणाच्या हाताखाली काढतो आणि दहा बाय पंधराच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू करतो. वस्तू चांगली करतो, गिऱ्हाईकही मिळवतो. अडतो कोठे, तर ती वस्तू गिऱ्हाइकाच्या दारात नेताना.

स्वारगेटच्या चौकात उभे राहून चारी दिशांना पाहिले तर या धंद्याचा नकाशाच दिसतो. पूर्वेला शंकरशेट रस्त्याने गेले की भवानी पेठेचे टिंबर मार्केट. लाकूड, प्लायवूड, सनमायका सगळे तेथे. पश्चिमेला कालव्याच्या कडेने दांडेकर पुलाकडे आणि पर्वतीच्या पायथ्याकडे निघाले की लहान कारागिरांच्या शेड लागतात. दक्षिणेला सातारा रस्ता, म्हणजे गावाकडचे गिऱ्हाईक. आणि आग्नेयेला, मुकुंदनगर ओलांडले की गुलटेकडीचे मार्केट यार्ड. तेथे रात्री आणि पहाटे भाजीपाल्याच्या शेकडो गाड्या भरून येतात आणि सकाळी त्यांतल्या पुष्कळशा रिकाम्या परत जातात. माल एकीकडे, कारागीर दुसरीकडे, गिऱ्हाईक तिसरीकडे आणि रिकाम्या गाड्या चौथीकडे. या चौघांची गाठ पडत नाही, एवढीच काय ती अडचण. पण ती अडचण मुलाची महिन्याची मजुरी खाऊन जाते.

पायथ्याच्या वस्तीतील एका मुलाची वही मी पाहिली. वडील महापालिकेत सफाई कामगार होते. हा अंगाने किरकोळ, पण हात अत्यंत सफाईचा. त्याचे सातारा, वाई, भोर या बाजूला नातेवाईक, त्यांच्या ओळखीने तिकडून कामे येत. वहीत प्लाय, बिजागऱ्या, फेव्हिकॉल, पॉलिश, सारे व्यवस्थित लिहिलेले. मजुरीही लिहिलेली. टेम्पोचे भाडे मात्र चहापाणी, किराणा यांच्याबरोबर ‘किरकोळ’ या सदरात! मी कचेरीत जन्मभर आकडे मांडणारा माणूस, माझी नजर नेमकी तेथे गेली. त्याला म्हटले, “अरे, हे किरकोळ सदर एकदा वेगळे काढून बघ.” सहा महिन्यांचे काढले तेव्हा दिसले की साताऱ्याकडच्या कामांत त्याच्या मजुरीचा निम्म्याहून अधिक पैसा भाड्यात गेला होता. दोन कामांत तर मजुरी शून्यावर आली होती. मुलगा काही वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काका, म्हणजे मी टेम्पोवाल्याकडंच नोकरीला होतो की!” शेड सोडून एखाद्या मोठ्या कारखान्यात रोजावर जावे, असा विचार त्याच्या घरी तेव्हा चाललाच होता.

यात टेम्पोवाल्याचा काही दोष नाही. तोही हप्ते फेडणारा गरीब माणूस. साताऱ्यापर्यंत सुमारे ११० किलोमीटर जायचे, तेवढेच रिकामे परत यायचे, खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके, त्यात डिझेल. तो दोन्ही बाजूंचे भाडे लावणारच. गाडी घेऊन जाते काय, तर एक कपाट आणि त्या कपाटाच्या पोटातली हवा.

हवेचे भाडे कसे लागते, ते हिशेबाने पाहू. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असे नेहमीचे दोन दारांचे कपाट घ्या. त्याचे आकारमान ५२ घनफूट. १९ मिलिमीटरच्या प्लायचे केले तर वजन साधारण ११५ किलो भरते. ट्रान्सपोर्ट कंपनीकडे परचुटण माल म्हणून नेले तर तो केवळ काट्यावरचे वजन धरत नाही. माल हलका पण जागा अडवणारा असेल तर एका घनफुटाला सहा, आठ किंवा दहा किलो असे वजन मानून आकारणी करतो. आठ किलो धरले तर ५२ घनफुटांचे ४१६ किलो होतात. समजा दर किलोला ५ रुपये आहे. कपाटाचे भाडे झाले २,०८० रुपये.

आता तेच कपाट सुटे करा. दोन बाजू, दोन दारे, पाच आडव्या फळ्या आणि मागची पातळ फळी दोन तुकड्यांत. एकावर एक रचले तर साडेसहा बाय दोन फुटांचा, आठ इंचांहून कमी उंचीचा गठ्ठा होतो. आकारमान नऊ घनफुटांच्या आत. मानलेले वजन सत्तर किलोच्या आसपास येते, म्हणून आता खरे वजन धरले जाते, ११५ किलो. भाडे ५७५ रुपये. तीच वस्तू, तेवढेच लाकूड, तोच रस्ता. वाचलेल्या दीड हजारात मुलाची दोन दिवसांची मजुरी सहज निघते.

ही काही नवी विद्या नाही. आपल्या आजीचा लाकडी पलंग आठवा. चार पाय, दोन लांब पट्ट्या, डोक्याकडची व पायाकडची फळी आणि लोखंडी आकड्या. घर बदलताना दहा मिनिटांत सुटा होई आणि अरुंद जिन्यातून वर जाई. चाळीच्या जिन्याने आपल्या सुतारांना हे शिकवले होते. युरोपात मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराने १८५९ साली वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा पसारा. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक मीटर लांब-रुंद-उंच पेटीत मावत. त्या पेट्या बोटीने जगभर गेल्या. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ पासून सुट्या फर्निचरचा मार्ग धरला. मोटारीत टेबल मावेना म्हणून त्यांच्या एका माणसाने पाय काढले, अशी त्याची हकीकत सांगतात. त्याच कंपनीने २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला दुकान उघडले. आपल्या मुलांची गिऱ्हाइके तिकडे वळली ती काही लाकूड चांगले म्हणून नव्हे. तिकडचे बरेचसे फर्निचर प्लायचेही नसते, दाबलेल्या भुश्श्याच्या फळीचे असते.

मात्र सुटे होणारे कपाट करायचे तर काम बदलावे लागते. सगळे सांधे फेव्हिकॉल लावून खिळ्यांनी पक्के करायचे आणि मग उघडू म्हटले तर लाकूड फाटते. त्यासाठी मिनिफिक्स, नटबोल्ट, आतून बसणारे लोखंडी कोन वापरावे लागतात. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सारे मिळते. खर्च थोडा वाढतो आणि भोक पाडताना सुतभर चूक चालत नाही. म्हणून गिरमिटाचा साचा आधी करून घ्यावा. कपाट एकदा शेडमध्ये पूर्ण उभे करावे, दारे लावून पाहावीत आणि मगच सुटे करावे. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला कागदी चिकटपट्टी लावून तीवर लिहावे: ‘कपाट १, डावी बाजू, वर’. खडूने लिहिलेले वाटेत पुसते. आमच्या या मुलाच्या पहिल्या गठ्ठ्यातल्या दोन्ही बाजू दिसायला सारख्याच होत्या. तिकडे बसवताना उलट लागल्या आणि बिजागऱ्या मागे आल्या. सगळे उघडून पुन्हा बसवण्यात अर्धा दिवस गेला.

बांधणीसाठी महागड्या फोमची गरज नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला जुने बारदान मिळते. फ्रीज-टीव्हीच्या दुकानांतून जुने पुठ्ठे मिळतात. कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा, पॉलिशच्या बाजूला जुने सुती लुगडे, त्यावर बारदान आणि बांधायला गाडीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. सुतळी लाकडात रुतते, ट्यूब रुतत नाही. गठ्ठा चाळीस किलोच्या वर करू नये, म्हणजे दोन माणसे सहज उचलतात आणि उतरवताना आपटत नाहीत. ११५ किलोच्या कपाटाचे तीन गठ्ठे बरे. आरसा किंवा काच असेल तर ती कधीही आडवी ठेवू नये, कडेवर उभी बांधावी. खरे म्हणजे काच पुण्याहून नेऊच नये. माप पाठवून गिऱ्हाइकाच्या गावातच कापून घ्यावी.

आता गाडीचे. ‘टेम्पो’ हा शब्द आपण मराठी करून टाकला आहे, पण ते मूळ जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका तीनचाकी गाडीचे नाव. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी काढली आणि ती तीनचाकी आपल्या गल्लीबोळांत फिरू लागली. या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. तिचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद. सुट्या कपाटाचा गठ्ठा तीत निवांत मावतो. उभे कपाट आडवे टाकले तर तेही मावते, पण मग दुसरे काही मावत नाही. एवढे मात्र सांगतो, हौद्याबाहेर लांबलचक फळ्या काढून, टोकाला लाल फडके बांधून जाण्याची जुनी सवय सोडून द्यावी. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनंतर माल असा बाहेर डोकावला तर वीस हजार रुपयांचा दंड आहे. एका दंडात चार महिन्यांची बचत जाते.

शहरातल्या शहरात, कोथरूड-हडपसरला द्यायचे असेल तर छोटा हत्ती ठीकच. नाक्यावर उभा असलेला ठरवा किंवा मोबाइलवर मागवा. नाक्यावरच्याशी बोलताना हमाली, मजल्याचे पैसे, थांबण्याचा वेळ आणि टोल कोणाचा, हे चारही आधी बोलून घ्यावे. भांडणे भाड्यावरून होत नाहीत, या चार गोष्टींवरून होतात.

बाहेरगावासाठी मात्र परतीची गाडी शोधावी. मार्केट यार्डात पुरंदर, भोर, खंडाळा, फलटण, वाई अशा भागांतून पिकअप येतात. टोमॅटो, वांगी, घेवडा उतरला की हौद्यात राहतात ती रिकामी प्लॅस्टिकची कॅरेट. त्या चालकाला गावी जायचेच आहे. त्याला वाटेवरचा माल दिला तर जे मिळेल ते त्याला वरकड. म्हणून पूर्ण गाडीच्या मानाने निम्म्यात, कधी त्याहून कमीत तो तयार होतो. पण येथेच सुट्या कपाटाचा दुसरा फायदा कळतो. उभ्या कपाटाला तो हात जोडतो, कारण त्याची कॅरेट कोठे ठेवायची? चपटा गठ्ठा मात्र तो हौद्याच्या तळाशी घेतो आणि वर कॅरेट रचतो. स्वस्त गाडी हवी तर वस्तू त्या गाडीत बसेल अशीच करावी लागते.

अशी गाडी ठरवायची रीत आहे. आदल्या दिवशी यार्डात जाऊन दोन-तीन नेहमीच्या चालकांशी ओळख करावी. गाडीची पाटी पिवळी आहे ना, म्हणजे ती भाड्याने माल नेण्याची गाडी आहे ना, हे पाहावे. विम्याचा कागद पाहावा, गाडीचा नंबर व परवाना यांचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा. एका कागदावर माल, किंमत, भाडे, कोठे व कोणाला द्यायचे हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चांगल्या चालकाला राग येत नाही. अर्धे पैसे येथे आणि अर्धे तिकडे गिऱ्हाइकाच्या हातून, हा व्यवहार उत्तम. दिवाळीच्या आठवड्यात परतीची गाडीही अडून बसते. आषाढी वारीच्या पालख्यांच्या दिवसांत दिवे घाट आणि सासवड रस्ता वाहनांना बंद असतो. त्या तारखा पाहूनच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा.

कोल्हापूर, सोलापूर असा लांबचा पल्ला असेल तर ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या आहेत. मार्केट यार्डाच्या आसपास आणि भवानी पेठेकडे त्या सापडतात. तेथे माल दिला की बिल्टी मिळते. ही बिल्टी नीट वाचावी, असे मी कळकळीने सांगतो. बारीक अक्षरात ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते आणि आपला माणूस ते वाचून गप्प बसतो. प्रत्यक्षात रस्त्याने माल वाहून नेण्याचा २००७ चा कायदा आहे, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदार जबाबदार असतो. पण मालाची किंमत जाहीर करून जास्तीचा जोखीम दर भरला नसेल, तर ही जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. आपल्या हिशेबातले भाडे ५७५ रुपये, दहा पट म्हणजे ५,७५० रुपये. कपाट अठरा हजारांचे असेल तर बारा हजारांवर आपले गेले. म्हणून बिल्टीवर खरी किंमत लिहून घ्यावी आणि जोखमीचे पैसे विचारावेत. मोडतोड झाली तर माल घेतानाच बिल्टीच्या पोचीवर तसे लिहावे, फोटो काढावा आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. तोंडी ‘बघतो, करतो’ यावर विसंबून मुदत गेली, तर कोर्टातही उभे राहता येत नाही.

एस.टी.कडेही माल वाहण्याचा एक मार्ग निघाला होता. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले तेव्हा महामंडळाने जुन्या बसमधली आसने काढून मालगाड्या केल्या आणि मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली. खुर्ची, स्टूल, सुटे टेबल अशा लहान वस्तूंसाठी बसच्या पार्सलची चौकशी स्थानकात जरूर करावी, कारण एस.टी. तालुक्याच्या गावापर्यंत जाते आणि गिऱ्हाइकाला तेथून उतरवून घेणे सोपे पडते. खासगी ट्रॅव्हल्सवाले रात्री सातारा रस्त्यावर काहीही टपावर चढवून घेतात. भाडेही कमी सांगतात. पण प्रवासी बसच्या टपावर माल लादणे नियमाविरुद्ध आहे, आरटीओने अडवले तर आपला गठ्ठा रस्त्यावर उतरतो, आणि बस कलंडली तर आत झोपलेली माणसे आपलीच असतात. तो मार्ग नको.

रेल्वेचे थोडक्यात सांगतो. पुणे स्टेशनला पार्सल कचेरी आहे आणि नागपूर, दिल्लीसारख्या दूरच्या ठिकाणी रेल्वे परवडू शकते. परंतु शेडपासून स्टेशन, स्टेशनात डबा, तिकडे डब्यातून खाली आणि तेथून पुन्हा टेम्पो, अशी चार वेळा हाताळणी होते. सोबतच्या सामानाच्या नियमातही १०० सेंटिमीटर लांब, १०० रुंद आणि ७० उंच यापेक्षा मोठी वस्तू अवजड धरून जादा आकार लावतात. साताऱ्या-कोल्हापूरसाठी मला तरी रेल्वे पटत नाही.

कागदपत्रांची भीती बाळगू नये, पण दुर्लक्षही करू नये. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री महाराष्ट्रातच असेल तर फर्निचर करणाऱ्याला जी.एस.टी. नोंदणीची सक्ती नाही. मात्र बेळगाव किंवा गोव्याचे गिऱ्हाईक आले तर थांबून विचार करावा. राज्याबाहेर माल विकायचा तर सामान्यतः उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांनी लक्षात ठेवावे की राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्राने ही मर्यादा जुलै २०१८ पासून एक लाख केली. काही असो, बिलाची एक प्रत चालकाकडे असू द्यावी. कागद नसलेला माल पाहिला की वाटेत अडवणाऱ्याचे डोळे चमकतात. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि पुढे टप्प्याने पाच टक्क्यांनी कर्ज, अशी तिची रचना. ज्याने अर्ज केला नाही त्याने माहिती घ्यावी. चांगले गिरमिट आणि साचे त्यात होऊन जातील.

भरणे-उतरवणे हा निराळा खर्च आहे आणि त्यात घासाघीस करताना थोडे भान हवे. पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. पुढे १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा कोठे पाठीवर ओझे वाहणाऱ्याला हक्काची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी दिसू लागला. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजे-बाप याच हमालीवर जगले. सुताराच्या पोराने हमालाचे वीस रुपये कापून बचत केली असे मला सांगू नये. गठ्ठे हलके केले तर हमाली आपोआप कमी होते.

एक मार्ग सर्वांत जुना आहे. गावात पूर्वी सुतार वस्तू पाठवत नसे, तो हत्यारे घेऊन घरी येत असे. मोठे काम असेल, दोन कपाटे, स्वयंपाकघराची मांडणी, दिवाण असे एकत्र, तर आजही हे परवडते. प्लाय सातारा किंवा वाईतच घ्यावे, हत्यारांची पिशवी एस.टी.त सीटखाली ठेवावी, गिऱ्हाइकाकडे चार दिवस राहून काम उरकावे. एका वस्तूसाठी मात्र हे महाग, कारण चार दिवस शेड बंद राहते.

पायथ्याच्या त्या मुलाने आणखी एक गोष्ट केली, ती मला विशेष वाटली. शेजारच्या दोन शेडमधल्या कारागिरांशी बोलून तिघांनी सातारा बाजूचा माल पंधरवड्यातून एका ठरलेल्या दिवशी पाठवायचे ठरवले. एक वही, त्यात गठ्ठ्यांची संख्या, वजन आणि ज्याचे त्याचे भाडे. गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ असे खोटे सांगायचे नाही, ‘अमुक तारखेच्या गाडीने’ असे सांगायचे. सुरुवातीला एकाने तक्रार केली की माझा माल लहान, मी जास्त का देऊ. मग घनफुटाने वाटणी सुरू झाली आणि त्यानेच आपले टेबल सुट्या पायांचे केले.

त्यांच्या चौथ्या फेरीला मी मुद्दाम यार्डात गेलो होतो. वाई तालुक्यातील एका विहाराच्या वाचनालयासाठी पुस्तकांची चार कपाटे जायची होती. पुस्तकांचे वजन फार, चार फुटांची सलग फळी वर्षभरात पोटातून वाकते, म्हणून मुलाने मध्ये उभी फळी दिली होती आणि खोली सव्वा फूटच ठेवली होती. दारांच्या चौकटी रिकाम्या, काच वाईला बसवायची होती. सकाळचे साडेसात वाजले होते. घेवडा उतरवून झालेल्या एका पिकअपमध्ये चार कपाटांचे गठ्ठे दोन रांगांत रचले, उंची दीड फुटाच्या आतच भरली. बाजूच्या फटीत दुसऱ्या कारागिराचे दोन टेबलांचे पाय बसले. त्यावर चालकाची पन्नास-साठ कॅरेट. स्क्रू आणि बिजागऱ्यांची कापडी पिशवी, चार स्क्रू जास्तीचे टाकून, पहिल्या गठ्ठ्याला शिवून टाकलेली. मुलगा हत्यारे घेऊन चालकाच्या शेजारी बसला. दुपारी तीन वाजता त्याचा फोन आला. कपाटे उभी राहिली होती, एका दाराला रंधा मारावा लागला होता, आणि चालकाने टेप घेऊन स्वतःच्या हौद्याचे माप एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. त्याच्या मेहुणीच्या लग्नात पलंग द्यायचा होता आणि तो याच मापात बसेल असा करून हवा होता.